बीजिंगमधला एक शनिवार: चार मित्र, तीन बाजार

बीजिंगला चार-पाच दिवसांसाठी जाणारे बहुतेक जण भिंत पाहतात, राजवाडा पाहतात आणि खरेदी शेवटच्या संध्याकाळी उरकू म्हणतात. तिथेच फसतात. घाईतलं गिऱ्हाईक दुकानदाराला लांबूनच ओळखू येतं. त्यामुळे खरेदीला एक अख्खा दिवस द्या, आणि तो शनिवार किंवा रविवार असू द्या. का, ते पुढे येईलच.

दुसरं, एकटे जाऊ नका. आणि मित्रांबरोबर जाणार असाल तर कोणी काय करायचं हे आधी ठरवल्याशिवाय जाऊ नका. आम्ही चौघं गेलो होतो. पहिल्याच टपरीवर मी मातीच्या चहादाणीचा भाव २८० युआनवरून १२० वर आणला होता. तेवढ्यात मागून आमचा एक मित्र आला आणि म्हणाला, "अरे वा, काय सुंदर आहे! घेऊन टाक रे." बोलला मराठीत, पण चेहरा आणि सूर यांना दुभाषा लागत नाही. दुकानदार बाईंनी भाव दाखवायचा कॅल्क्युलेटर शांतपणे परत आपल्याकडे ओढला. चहादाणी शेवटी १८० ला पडली. वरचे ६० युआन त्या 'अरे वा'चे.

आदल्या रात्री, खरं तर निघण्याआधीच

अलीपे हे चीनमध्ये फोनवरून पैसे द्यायचं ॲप भारतातच उतरवून घ्या, पासपोर्टने ओळख पटवून घ्या आणि त्याला आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. ओटीपी भारतीय नंबरवर येतो, आणि तिकडे गेल्यावर तो येईलच याची खात्री नसते. कार्डावर परदेशी व्यवहार सुरू आहेत ना, हे बँकेच्या ॲपमध्ये बघा. आपल्याकडे २०२० पासून नवीन कार्ड फक्त देशांतर्गत वापरापुरतंच चालू असतं, बाकीचं आपण स्वतः सुरू करायचं. हे विसरून तिथे भर बाजारात फोन हलवत उभे राहिलेले भारतीय मी पाहिलेत. (त्यांत एक मीही होतो.)

अलीपेवर परदेशी कार्डाने २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला त्यांचं वेगळं शुल्क लागत नाही, त्याच्या वर गेलात की ३ टक्के लागतात. बँकेचं परकीय चलनाचं शुल्क असतं ते निराळंच. मित्रांबरोबर असण्याचा इथे पहिला फायदा होतो. ३६० युआनची खरेदी असेल तर दोघांनी १८०-१८० चे स्कॅन करा. दुकानदाराची सहसा ना नसते.

रोख मात्र ठेवाच. फुटपाथवर मांडून बसलेल्या विक्रेत्याचा क्यूआर कोड कधीकधी त्याच्या खाजगी खात्याचा असतो आणि परदेशी कार्ड जोडलेल्या ॲपमधून तिथे पैसे जात नाहीत. १०, २० आणि ५० च्या नोटा जास्त असू द्या. १०० ची नोट दिली की सुट्टे मोजण्याचं नाटक सुरू होतं. हिशेबासाठी बाराचा पाढा पुरतो. युआन बारा रुपयांच्या वरच असतो, तेव्हा बाराने गुणा आणि थोडं वर धरा.

व्हॉट्सॲप आणि गुगल हॉटेलच्या वाय-फायवर चालत नाहीत. भारतीय सिमचं रोमिंग घेतलं असेल तर त्याच्या डेटावर चालतात. चौघांपैकी निदान दोघांकडे रोमिंग हवं, नाहीतर गर्दीत चुकामूक झाली की दिवस संपला. भाषांतराच्या ॲपमध्ये चिनी भाषा ऑफलाइन उतरवून ठेवा.

कामं वाटून घ्या

एक जण भाव करणारा. बोलायचं फक्त त्याने.

एक जण नाक मुरडणारा. हे काम सगळ्यात महत्त्वाचं आणि प्रत्येक कंपूत त्यासाठी जन्मलेला एक माणूस असतोच. वस्तू हातात घ्यायची, उलटसुलट करायची, खाली ठेवायची आणि घड्याळ बघायचं. भाव करणारा अडला की याने त्याच्या दंडाला धरून पुढे ओढायचं. आपण चालू लागल्यावर मागून हाक येते तो आकडा खऱ्या किमतीच्या जवळपास असतो. हाक आली नाही तर आपला आकडा फारच कमी होता असं समजा आणि पुढच्या टपरीवर थोडा वाढवा.

तिसऱ्याकडे पैसे आणि बांधाबांधीवर नजर. पसंत केलेली वस्तू आणि पिशवीत गेलेली वस्तू एकच आहे का, हे त्याने बघायचं. टेबलाखाली वाकून कागदात गुंडाळू लागले तर "वरच बांधा" अशी हाताने खूण करायची. चौथा रिकामा राहिला तर त्याला पाणी आणि टिश्यूपेपर सांभाळायला द्या. सार्वजनिक स्वच्छतागृहात कागद असेलच असं नाही.

आणि कोणालाही काहीही आवडलं तरी त्या क्षणी तोंड उघडायचं नाही. आमच्यात नंतर सांकेतिक शब्द ठरला: वस्तू आवडली तर म्हणायचं, "आईला फोन करायचाय."

पहाट: पानजियायुआन

मेट्रोच्या १० नंबरच्या मार्गावर याच नावाचं स्टेशन आहे. हा जुन्या आणि जुन्या दिसणाऱ्या वस्तूंचा बाजार, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला उभा राहिलेला. इतर दिवशी तो सकाळी साडेआठच्या सुमारास उघडतो, पण शनिवार-रविवारी पहाटे साडेचारलाच सुरू होतो आणि बाहेरगावचे विक्रेते जमिनीवर फडकी अंथरून बसतात. म्हणून म्हटलं, शनिवार. पूर्वी लोक अंधारात टॉर्च घेऊन माल बघायचे, म्हणून अशा बाजाराला तिकडे 'भुतांचा बाजार' म्हणतात. मुंबईत चोरबाजाराला शुक्रवारी भल्या पहाटे गेलेल्यांना हे दृश्य परकं वाटणार नाही. साडेचारला मेट्रो नसते आणि नवख्याने तेव्हा जाण्यात अर्थही नाही. सात-साडेसातला पोचा.

काय दिसतं? अक्रोड. खाण्याचे नाहीत. हातात वर्षानुवर्षं फिरवून लाल, चकचकीत करायचे, जोडीने विकले जाणारे. दोन्ही दाणे जितके सारखे तितका भाव चढा. लिखाणाचे कुंचले, शाईच्या वड्या, माओचे बिल्ले, सावल्यांच्या खेळातल्या चामड्याच्या बाहुल्या, तिबेटी धाटणीच्या माळा, जेड म्हणून विकले जाणारे हिरवे दगड, जुन्या पुस्तकांची आख्खी रांग. पुण्याच्या जुन्या बाजाराला दहाने गुणा आणि त्यातून गाड्यांचे सुटे भाग वजा करा.

नियम एकच: इथली प्रत्येक वस्तू मागच्या महिन्यात बनली आहे असं धरून चाला. हिरवा गंज चढलेलं नाणं, मातीने माखलेली मूर्ती, 'आजोबांच्या घरातून आलेली' फुलदाणी, सगळं नवं. 'ही मला नवी म्हणून किती युआनला आवडेल?' एवढंच स्वतःला विचारा. अस्सल जुनं चुकून स्वस्तात सापडणं याला तिकडचे लोक 'च्येन लोऊ' म्हणतात आणि त्याच्या मागे आयुष्य घालवतात. आपण सकाळच्या तीन तासांत ते करू शकत नाही. आणि समजा सापडलंच, तर ते देशाबाहेर नेता येत नाही. १९११ पूर्वीच्या सांस्कृतिक वस्तू बाहेर नेण्यावर चीनमध्ये बंदी आहे आणि १९४९ पूर्वीच्या वस्तूंना तपासणी व परवानगी लागते. थोडक्यात, नवं असेल तर जुन्याचा भाव द्यायचा नाही, जुनं असेल तर विमानतळावर अडकायचं.

एक रीत मात्र पाळा. नाजूक वस्तू विक्रेत्याच्या हातातून थेट आपल्या हातात घ्यायची नाही. त्याने ती खाली ठेवायची, मग आपण उचलायची. परत करतानाही तसंच. मधल्या मध्ये फुटली तर कोणाच्या हातून फुटली हा वाद नको म्हणून ही पद्धत. आणि दुसरं गिऱ्हाईक एखादी वस्तू हातात धरून भाव करत असेल तर मध्ये तोंड घालू नका. ते तिथे फार वाईट दिसतं.

भाव कसा करायचा

विक्रेत्याला 'लाओबान' म्हणा, म्हणजे मालक. बाई असल्या तरी चालतं. मग चार वाक्यं पुरतात. 'दुओशाव छ्येन?' म्हणजे केवढ्याला? 'थाय ग्वे ल' म्हणजे फार महाग. 'फ्येन्यी त्येन' म्हणजे थोडं कमी करा. आणि 'बू याव', म्हणजे नको. हे शेवटचं दिवसभरात पन्नास वेळा लागेल. उच्चार चुकले तरी हसतात, आणि हसलेला दुकानदार थोडा सैल होतो.

पुढचं संभाषण कॅल्क्युलेटरवर. तो आकडा दाबतो, कॅल्क्युलेटर तुमच्याकडे सरकवतो. पर्यटकांच्या बाजारात पहिल्या आकड्याच्या चौथाईपासून सुरू करायला लाजू नका, तिसऱ्या हिश्शाच्या आसपास पुष्कळदा जमतं. पण हा माझा अनुभव, नियम नव्हे. पानजियायुआनच्या फडक्यांवर भाव आधीच खाली असू शकतो, तिथे निम्म्यावर जमलं तरी पुष्कळ. त्याहून चांगलं म्हणजे तीच वस्तू तीन ठिकाणी विचारा, पहिल्या दोन ठिकाणी काही न घेता निघून जा. तिसऱ्या ठिकाणी उभं राहताना तळ कुठे आहे ते तुम्हाला माहीत असतं.

घ्यायची नसेल तर आकडा दाबूच नका. आपण म्हटलेली किंमत त्याने मान्य केली आणि आपण निघालो, तर तो चिडतो, आणि त्याचं चुकत नाही.

सकाळी "तुम्ही पहिलं गिऱ्हाईक आहात, म्हणून देतो" असं ऐकू येईल. आपल्याकडच्या भवानीसारखीच तिकडेही पहिल्या विक्रीची भावना आहे, त्यामुळे ते कधी खरंही असतं. दुपारी दोन वाजता ऐकलं तर मात्र हसून पुढे जा.

आता बोटं. आपल्या बैलबाजारात उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरतात, तसे चिनी लोक एका हाताने दहापर्यंतचे आकडे दाखवतात, पण उघड्यावर. अंगठा आणि करंगळी बाहेर म्हणजे सहा. अंगठा आणि दोन बोटांची चिमटी म्हणजे सात. तर्जनी हुकासारखी वाकवली की नऊ. मूठ किंवा दोन तर्जन्यांची फुली म्हणजे दहा. आणि आठ? अंगठा व तर्जनी ताणून, पिस्तुलासारखी. आपल्याला दोन बोटं दिसतात, आपण 'दोन' समजतो. वीस समजून मान डोलावली की ऐंशी द्यायची पाळी येते. शंका आली की कॅल्क्युलेटर मागा.

असाच आणखी एक सापळा दुकानांच्या पाट्यांवर असतो. ८ आकड्यापुढे 折 हे अक्षर असेल तर ८० टक्के सूट असं वाटून आपण आत शिरतो. अर्थ उलटा आहे: किमतीच्या ८० टक्के द्या, म्हणजे सूट वीसच टक्के. आकडा जितका लहान तितकी सूट मोठी. आणि फळवाल्याकडचा भाव किलोचा नसतो, 'चिन'चा असतो, एक चिन म्हणजे ५०० ग्रॅम.

वाटेत चष्मा

पानजियायुआनजवळ चष्म्यांचा वेगळा बाजार आहे, मजल्यामजल्यांवर फक्त चष्म्यांची दुकानं. नंबरची चिठ्ठी बरोबर न्या. साध्या नंबराच्या काचा बहुतेक वेळा थोड्या वेळात बसवून मिळतात. चौघांपैकी दोघांना चष्मा असेल तर दोघांनी एकाच दुकानात घ्या आणि भाव दोन्हींचा मिळून करा. ब्रँडच्या नावाला भुलू नका, फ्रेम डोळ्यांवर कशी बसते ते बघा.

दुपार: जेवण आणि मोती

१० नंबरच्या मेट्रोने सोंगजियाझुआंगला जा, तिथे ५ नंबर पकडून तिआनतान दोंगमेनला उतरा. भाडं अंतरावर, ३ युआनपासून पुढे. प्रत्येक स्टेशनवर बॅग यंत्रातून जाते. पानजियायुआनला हौसेने शोभेचा सुरा घेतला असेल तर तो इथे अडेल, तेव्हा सुरे घेऊच नका.

आधी जेवा. भुकेल्या माणसाकडून भाव होत नाही. शाकाहारी असाल तर 'वो छ्र सू' म्हणा, पण त्यावर विसंबू नका. मांस नको, मासे नकोत, मांसाचं पाणी आणि चरबी नको, हे चिनीत लिहिलेलं फोनवर ठेवा. बटाटा-वांगं-ढोबळी मिरचीची 'दी सान श्येन', व्हिनेगरमधला बटाट्याचा कीस, लसूण घातलेली ठेचलेली काकडी आणि भात हे चौघांत छान पुरतं. सगळे पदार्थ मधोमध ठेवून वाटून खायचे असतात, प्रत्येकी एकेक मागवू नका. पाय दुखत असतील तर समोरच स्वर्गमंदिराची बाग आहे. पूर्वेच्या दाराने आत गेलं की लांबलचक ओवरी लागते, तिथे म्हातारे पत्ते कुटत असतात. बीजिंगमधला तो माझा सगळ्यात आवडता अर्धा तास.

रस्त्याच्या पलीकडे हाँगचियाओ, म्हणजे मोत्यांचा बाजार. खालच्या मजल्यांवर इलेक्ट्रॉनिक वस्तू आणि पिशव्या. तिथे थांबू नका, विशेषतः हेडफोन आणि पेन ड्राइव्ह घेऊ नका. जिने चढून मोत्यांकडे जा.

इथले बहुतेक मोती गोड्या पाण्यातले, शेती करून काढलेले. त्याचं मोठं केंद्र पूर्वेकडच्या चच्यांग प्रांतातलं चुजी. हैदराबादला विकल्या जाणाऱ्या मोत्यांतही चीनचा माल बराच असतो, तेव्हा इथे आपण उगमाच्या जवळ आलेलो असतो. पांढरा, गुलाबी आणि जांभळट हे नैसर्गिक रंग. गोड्या पाण्यातला काळा मोती दिसला तर तो रंगवलेला आहे असं धरा. वाईट नाही, पण भाव रंगवलेल्याचा द्या.

खरा की खोटा? दोन मोती एकमेकांवर हलके घासा. खरा खरखरतो, खोटा घसरतो. दातावर घासायची पद्धतही आहे, पण दुकानदाराला विचारून. माळ हातात घेऊन डोळ्यांजवळ आणा: सगळे दाणे अगदी हुबेहूब सारखे, एकावरही खळगी नाही, आणि किंमत ५० युआन, तर तो काचेचा किंवा प्लास्टिकचा. भोकाच्या कडेला रंगाची साल सुटलेली दिसते का बघा. मग गोलाई बघा. पूर्ण गोल मोत्याचा भाव भराभर वाढतो, किंचित लांबट किंवा बटणासारखा चपटा मोती त्याच्या मानाने खूप स्वस्त.

मराठी माणसासाठी खरी गंमत इथेच आहे. तयार माळ न घेता सुटे बारीक मोती घ्या, नथीसाठी, तन्मणीसाठी, चिंचपेटीसाठी. निघण्याआधी आपल्या सराफाकडून मोत्याचा व्यास मिलिमीटरमध्ये लिहून घ्या आणि भोक आरपार हवं की अर्धंच, तेही विचारा. आमच्यातल्या एकीने फोनवर फक्त नथीचा फोटो नेला होता. मोती घरी आल्यावर सोनाराने तारेत घालून बघितला तर भोक बारीक. ते मोती अजून डबीत आहेत. माळ घेतलीच तर ती समोर बसून ओवून देतात. प्रत्येक मोत्यामागे गाठ मारायला सांगा, म्हणजे तुटली तरी एकच दाणा पडेल. चौघांनी मिळून एकाच दुकानात घेतलं तर भाव हमखास खाली येतो, पण ही गोष्ट शेवटी उघड करायची. आधी एकीचा भाव पक्का करा, मग म्हणा, "आम्हाला चार हव्यात. आता बोला."

संध्याकाळ: शिउश्वेई

५ नंबरने दोंगदान, तिथून १ नंबरने योंगआनली. रेशीम गल्ली म्हणून ओळखला जाणारा हा बाजार आधी खरोखर उघड्यावरची गल्ली होता, २००५ मध्ये तो बहुमजली इमारतीत गेला. सकाळच्या फडक्यांनंतर इथे एकदम एसी आणि झगमगाट. इथल्या मुली-बायका सहा भाषांत "ये, बघ" म्हणतात, हिंदी शब्दही टाकतात. हाताला धरून थांबवलं तर 'बू याव' म्हणा आणि चालत राहा. नावाजलेल्या ब्रँडच्या नकला टाळाच.

रेशमासाठी लेबलवर 桑蚕丝 ही तीन अक्षरं शोधा, म्हणजे तुतीच्या किड्याचं रेशीम. फोनमध्ये फोटो ठेवा आणि जुळवून बघा. लेबलही खोटं असू शकतं, म्हणून कडेचा एक धागा काढून दुकानदारालाच जाळायला सांगा. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. पैठणी नेसणाऱ्या घरात ही परीक्षा नवी नाही. ३० युआनची 'पश्मिना' मात्र जाळूनही बघू नका, ती पश्मिना नसतेच.

कपड्यांचे आकडे आपल्यापेक्षा लहान पडतात. तिकडचा 'एल' आपल्या 'एम'ला जड जातो. अंगावर घालून बघा, आणि नाक मुरडणाऱ्या मित्राला इथे एकदाच खरं बोलायची परवानगी द्या.

दिवसभरात कुठे एखादं गोड बोलणारं विद्यार्थी-जोडपं "इंग्रजीचा सराव करायचाय, चला चहा घेऊ" म्हणून मागे लागलं, तर चौघंही एका सुरात नाही म्हणा. पर्यटकांच्या भागांतली ही जुनी फसवणूक आहे, चहाचं बिल मोत्यांच्या माळेहून मोठं येतं.

रात्री खोलीवर

सगळं पलंगावर ओता आणि कोणी कोणाचे किती दिले ते त्याच रात्री मिटवा. अलीपेच्या नोंदीत दुकानांची नावं चिनीत असतात, दुसऱ्या दिवशी १८० युआन कशाचे हे कोणालाच आठवत नाही. चहादाणीचं झाकण वेगळं काढा, मोज्यात घाला, दुसरा मोजा तोटीवर चढवा आणि ती हातातल्या बॅगेत ठेवा. चीनमधल्या चीनमध्ये विमानाने पुढे जाणार असाल तर पॉवर बँकेवर '३सी'चं, म्हणजे चीनच्या सुरक्षा प्रमाणपत्राचं, चिन्ह आहे का बघा. जून २०२५ पासून ते नसलेली पॉवर बँक तिथल्या देशांतर्गत विमानांत नेऊ देत नाहीत आणि भारतात घेतलेल्या बऱ्याच पॉवर बँकांवर ते चिन्ह नसतं. आमची सुरक्षा तपासणीच्या टोपलीतच राहिली.